सोमवारची हजेरी

हृषीकेशला पुण्यात जाऊन मॅनेजर झाल्यापासून एक खोड लागलीय, ऊठसूट मतदान घ्यायचं. रविवारी सकाळी त्यानं आमच्या ग्रुपवर टाकलं, ‘कडक भाकरीची वेबसाइट अजून हवी का? हो किंवा नाही.’ खाली लांबलचक भाषण. आता खेळताना बोलणं डिस्कॉर्डवर होतं, व्हिडिओ तिथंच पडतात, निरोप व्हॉट्सॲपवर मिळतात, साइटवर महिन्यात चार माणसं फिरकत नाहीत, मग ती ठेवायची कशाला. माझं डोकंच फिरलं.

कडक भाकरी म्हणजे आमची टोळी. कॉलेजात जमलेली चौदा पोरं-पोरी, ऑनलाइन गोळीबाराचा खेळ खेळणारी, सगळी सोलापूरची. नाव आमच्यातल्याच गुरू नावाच्या पोरानं ठेवलं. दुसऱ्या गावच्या टोळ्यांना आपण चावता येत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. साइटही त्यानंच बांधली. कोण कुठल्या सामन्यात कसा मेला याची रसभरीत वर्णनं, नकाशे, एकमेकांची चेष्टा, अकरा वर्षांचं सगळं तिथं आहे. आता बाकीच्यांची लग्नं झाली, नोकऱ्या लागल्या. मी शिवलीला, सोलापुरातच बाळीवेशीत टायपिंग आणि कॉम्प्युटरचे क्लास घेते आणि साइट सांभाळते. मला दुसरा उद्योग नाही असं हृषीकेश म्हणतो, म्हणू दे.

साइटवर गुरूनं एक नियम घालून ठेवला होता. आत आलेल्या माणसाच्या नावापुढं हिरवा ठिपका लागतो आणि खाली ‘शेवटची हजेरी’ म्हणून तारीख पडते. साठ दिवस हजेरी नसली की नाव आपोआप उडतं, आणि नावाबरोबर त्याचं सगळं लिखाणही. कोणी आळस करू नये म्हणून. मग परीक्षा आली, कोणाचं लग्न निघालं, कोणी आजारी पडलं, की दुसऱ्यानं त्याची हजेरी लावायची असा आमच्यात रिवाजच पडला. पासवर्ड सगळ्यांचा एकच, पुढं फक्त आपापला रोल नंबर. कॉलेजात प्रॉक्सी मारणाऱ्यांना यात काय वावगं वाटणार?

तीन वर्षांपूर्वी गुरू गेला. गेला म्हणजे घरातून गेला. चिंचोळी एमआयडीसीतली नोकरी सुटली होती, वडील महादेवप्पा रोज बोलत होते की त्या खेळानं तुझं वाटोळं केलं. एका शुक्रवारी तो पुण्याला मुलाखत आहे म्हणून एसटीत बसला, वाटेत टेंभुर्णीला उतरला, आणि तिथून त्याचा फोन बंद. आम्ही पोलिसांत कळवलं, पोस्टर लावली, मोहोळपासून इंदापूरपर्यंत ढाबे पालथे घातले. काही हाती लागलं नाही. माझा तो लई जवळचा होता. किती जवळचा हे त्याला सांगायचं राहून गेलं, तर तुम्हाला सांगून काय करू.

तो गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यापासून मी त्याची हजेरी लावायला लागले. नियम काढून टाकता आला असता, पण त्याच्या कोडला हात लावला की दुसरीकडं काहीतरी मोडायचं. शिवाय परत आल्यावर आपलं नाव गैरहजर दिसलं तर त्याला वाईट वाटेल, असंही वाटलं. सोमवारी सकाळी माझा क्लास नसतो. चहा घ्यायचा, गुरूच्या नावानं आत जायचं, पाच मिनिटं त्याचं जुनं काहीतरी वाचायचं, बाहेर पडायचं. तीन वर्षांत एक सोमवार चुकवला नाही. कोणाला बोलले नाही, कारण बोलण्यासारखं ते आहे असं मला वाटलंच नाही.

मतदानात मी भांडले. म्हटलं, डिस्कॉर्डवर गेल्या वर्षीचं बोलणं शोधून दाखव. ते दुसऱ्याचं घर आहे, उद्या हाकलतील तर पोतं घेऊन कुठं जाणार? साइट आपली स्वतःची आहे. हृषीकेशनं लिहिलं, ‘आहे की आपली, पण राहतंय कोण तिथं?’ त्याला धरून बारा जण एका बाजूनं, मी एकटी. मग मीही चिडून म्हटलं, करा बंद. लगेच साइटच्या पहिल्या पानावर सूचना लावली की पंधरा दिवसांत ही साइट बंद होईल. गुरूचं लिखाण मी माझ्याकडं उतरवून घेतलं होतंच.

मंगळवारी अकराच्या बॅचला मी एक्सेल शिकवत होते, तर दारात ईरम्मा काकू. गुरूची आई. जिना चढून दम लागलेला, हातात मोबाईल आणि शाळेची दोनशे पानी वही. मी पोरांना सराव करायला लावून काकूंना आतल्या खोलीत बसवलं, पाणी दिलं. ते त्यांनी तसंच ठेवलं.

“शिवलीला, ते बंद करू नकोस यव्वा,” त्या म्हणाल्या.

“काय बंद करू नको, काकू?”

“तुमचं ते खेळाचं. माझा गुरू तितं येतोय की.”

मला आधी काही कळलंच नाही. त्यांनी मोबाईल पुढं केला. स्क्रीनवर आमची साइट, गुरूचं नाव, खाली शेवटची हजेरी, कालची तारीख. हे त्यांना गुरूनंच शिकवलं होतं. हिरवा ठिपका दिसला की मी खेळात आहे, तेव्हा जेवायला हाका मारू नकोस, असं त्यानं सांगून ठेवलं होतं. तो गेल्यावरही त्या बघत राहिल्या. वही उघडून दाखवली. पानापानांवर एकाखाली एक तारखा, सगळ्या सोमवारच्या, कानडी आकड्यांत.

“सोमवार चुकवत न्हाय बघ,” त्या म्हणाल्या, आणि चेहऱ्यावर असा काही अभिमान होता की मला खुर्चीत धड बसवेना. “आपल्या गावदेवाचा, सिद्धरामाचा वार. घरात असताना उपास धर म्हणलं तर हसायचा. आता कुटं का असंना, वार पाळतोय. मी पण पाच मिनटं तेच बघत बसते. घरी फोन करत न्हाय, रागात हाय अजून. येईल. पण ते बंद केलं तर तो येणार कुटं?”

सांगायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. आणि खरं सांगते, नाही सांगायचं असं मी मनात ठरवून टाकलं होतं. साइट चालू ठेवू, सोमवार चालू ठेवू, माझं काय जातं. हृषीकेशला गप्प करायला मला किती वेळ लागतो? ‘नाही करत बंद, काकू’ एवढं बोलायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनीच पुढचं सांगितलं.

“हे नसतं तर मी तवाच मेले असते. तो गेला आन तिसऱ्या आठवड्यात टेंभुर्णीवरनं पोलिसांचा फोन आला. कालव्यात एक पोरगा गावलाय, वळखू येत न्हाय, येऊन शर्ट बघा म्हणाले. गळ्यात चांदीच्या डबीत लिंग हाय म्हणाले. आमचे हे निघाले होते, पायात चप्पल घातलेली. मीच हात धरला. म्हणलं, परवा सोमवारी तर माझा गुरू मोबाईलवर आलता. मेलेलं माणूस येतंय का? तुमी जायचं न्हाय, अभद्र बघायचं न्हाय. गुरूसारखी लिंग घातलेली लिंगायताची पोरं काय कमी हायत? दोनदा फोन आला, मी जाऊ दिलं न्हाय.”

त्या सोमवारी मी काय केलं होतं ते मला लख्ख आठवत होतं. त्यानं लिहिलेली माझी चेष्टा वाचून हसले होते.

“काकू,” मी म्हणाले, “ते मी करत होते.”

“काय?”

“गुरूच्या नावानं मी आत जात होते. दर सोमवारी. त्याचं नाव उडू नये म्हणून. आमच्यात तसं करतात, एकमेकांची हजेरी लावतात. तो नव्हता, काकू. पहिल्यापासून एकदाही तो नव्हता.”

त्या समजूत घालावी तसं हसल्या. “तुला बंद करायचंय म्हणून असं म्हणतीस व्हय? तसं नको बोलू यव्वा. आईला कळतंय.”

आता मागं फिरणं शक्य नव्हतं. तोंडी सांगून त्या मानणार नव्हत्या आणि मला दुसरं काही सुचलं नाही. टेबलावरच्या कॉम्प्युटरवर मी साइट उघडली, गुरूचं नाव घातलं, पासवर्ड घातला. काकूंच्या हातातल्या मोबाईलवर त्याच्या नावापुढं हिरवा ठिपका लागला.

“आला बघ,” काकू म्हणाल्या. “बघ, मंगळवारी पण आला.”

एवढं बोलल्या आणि त्यांची नजर माझ्या कीबोर्डवरच्या हाताकडं गेली. मी बाहेर पडले, मोबाईलवर ठिपका गेला. परत आत गेले, ठिपका आला. तिसऱ्यांदा करायला निघाले तर त्यांनी माझं मनगट धरलं.

“पुरे,” त्या म्हणाल्या.

बाहेर पोरांचे कीबोर्ड खडखडत होते. मी माफी मागितली, पायाला हात लावला, काय काय बोलले ते आता आठवत नाही. मला त्यांनी शिव्या घालाव्यात, थोबाडावं, असं वाटत होतं. त्यांचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. वही मिटून त्यांनी मांडीवर ठेवली.

मग अगदी हळू आवाजात विचारलं, “बेवारस माणसाला पोलीस काय करतात गं? पुरतात का जाळतात?”

आमच्या लिंगायतांत बसवून पुरतात, हातात लिंग देतात, हे मला माहीत होतं. त्यांना माझ्याहून जास्त माहीत होतं.

“माहीत नाही, काकू.”

“चल मग,” असं म्हणून त्या भिंतीला धरून उठल्या. “टेंभुर्णीला जाऊन विचारू.”