आधी वांगं मागवा

मित्रांनो, मी एक जुना तंदूर आहे आणि आयुष्याची पहिली तीस वर्षं मी आडवा पडून काढली. आळशी होतो म्हणून नव्हे. समरकंदच्या ज्या भटारखान्यात माझी नेमणूक झाली, तिथे तंदूर भिंतीत आडवा बसवायची रीत होती. तोंड भटाऱ्याकडे, पाठ शेजाऱ्याच्या घराकडे. त्यामुळे शेजाऱ्याच्या घरातली भांडणं मला पाठीने ऐकायची सवय लागली, ती आजही सुटलेली नाही.

माझा जन्म शहराबाहेरच्या एका अंगणात झाला. पिवळ्या मातीत मेंढीची लोकर कालवून दोन माणसांनी ती तीन दिवस पायांनी तुडवली. तुडवताना ते दोघे आपापल्या सासुरवाडीबद्दल बोलत होते, म्हणून माती चांगली मळली गेली. वाळल्यावर मला आतून सरकीचं तेल पाजलं आणि पहिला जाळ घातला. मला तडा गेला नाही. म्हातारा कारागीर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "हा टिकेल." माणसांच्या बाबतीत इतकं ठामपणे बोललेलं मी पुढे कधी ऐकलं नाही.

भटारखान्यात मी रोज चारशे रोट्या भाजायचो. जाडजूड, कडेने फुगलेल्या, मध्ये नक्षीचा ठसा उमटवलेल्या. लोक त्या रोट्यांचं कौतुक करत आणि भटारी ते कौतुक स्वतःकडे ठेवून घेई. मी कधी वाद घातला नाही. मग एक दिवस गॅसवरची नवी भट्टी आली. तिला राख नव्हती, धूर नव्हता, लहरी नव्हत्या. मला भिंतीतून उपटून मागच्या परसात ठेवण्यात आलं. तिथे एका कोंबडीने माझा ताबा घेतला आणि सात वर्षं मी अंडी सांभाळली. एके काळी माझ्यासमोर पहाटे रांग लागायची, हे त्या कोंबडीला सांगून काही उपयोग नव्हता.

तिथून मला सोडवलं ते कुंदनने. हा भारतातल्या हिमालयाच्या बाजूचा, टिहरीकडचा पहाडी आचारी. आमच्या शहरात डॉक्टरकी शिकायला येणाऱ्या भारतीय पोरांची पोटं भरावीत म्हणून कुणीतरी हॉटेल काढलं होतं, त्यात तो नोकरीला आला होता. त्याने मला विकत घेतलं, कोंबडीची माफी मागितली आणि हॉटेलच्या अंगणात द्राक्षाच्या मांडवाशेजारी मला चक्क उभा केला. तोंड वर! वयाच्या सदतिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा आभाळ पाहिलं. आठवडाभर मला गरगरत होतं. नान तिरके भाजले जात होते आणि कुंदन दोष पिठाला देत होता. भला माणूस.

हळूहळू आमच्याकडे समरकंदची माणसंही येऊ लागली, आणि इथेच खरी अडचण सुरू झाली. आयुष्यात पहिल्यांदा भारतीय जेवण जेवायला बसलेला माणूस बहात्तर पदार्थांची यादी पाहतो, घाबरतो आणि त्यातल्या त्यात ओळखीचं काहीतरी शोधतो. समरकंदच्या माणसाला ओळखीचं काय सापडतं? भात आणि मटण. तो म्हणतो, "आमच्या पलोवसारखंच दिसतंय. हेच आणा." आणि तिथेच घात होतो. कारण कुंदनची बिर्याणी उत्तम असली तरी ती पलोव नाही. पहिल्या घासाला माणूस विचारतो, "यात गाजर कुठंय?" दुसऱ्या घासाला विचारतो, "यात लवंग कशाला?" तिसरा घास तो घेत नाही. घरी जाऊन सांगतो, की त्या लोकांना साधा भात शिजवता येत नाही.

ही गोष्ट ओळखली ती झमीरा ओपाने. ओपा म्हणजे ताई. ही आमच्याकडे वाढपाचं काम करते आणि सगळ्या हॉटेलला हुकूम सोडते. नव्या गिऱ्हाइकासाठी तिचा नियम ठरलेला आहे. ज्या पदार्थावर तुमच्या घरी भांडणं होतात, तो परक्याच्या घरी मागवायचा नाही.

आता मी एका दुपारची गोष्ट सांगतो.

एर्गश बोबो आले. बोबो म्हणजे आजोबा, पण हे साऱ्या मोहल्ल्याचे बोबो होते. चाळीस वर्षं लग्नांमध्ये दोन-दोनशे माणसांचा पलोव शिजवणारा हा माणूस. बरोबर सून हसियत आणि नात मुकद्दस. तिघंही मांडवाखाली, माझ्यापासून चार पावलांवर बसली. मुकद्दसच्या मांडीवर एक लिफाफा होता आणि ती तो सारखा सरळ करत होती.

कुजबुजीवरून मला कळलं ते असं. मुकद्दसला नागपूर नावाच्या गावी कापसाच्या बियाण्याचं शिक्षण घ्यायला जागा मिळाली होती. लिफाफ्यात होकाराचा कागद होता आणि तो उद्या संध्याकाळपर्यंत टपालात टाकायचा होता. तिचा बाप रशियात इमारती बांधायला गेलेला, तेव्हा निर्णय बोबोंचा. आणि बोबो म्हणाले होते, "आधी मी त्यांचं जेवण जेवणार. मला गेलं, तर पोरगी जाईल. नाही गेलं, तर कापूस इथेही पिकतो."

हसियतने हळूच विचारलं, "बाबा, जेवणावरून कुणी शिक्षण ठरवतं का?"

"तू गप," बोबो म्हणाले. "मी सैन्यात होतो तेव्हा मला पार उत्तरेला धाडलं होतं. दोन वर्षं खारवलेला मासा आणि काळा पाव. घशाखाली उतरायचं नाही. परत आलो तेव्हा आईने दारात ओळखलं नाही मला. आणि पत्रात काय लिहायचो ठाऊक आहे? मजेत आहे, जेवण झकास आहे."

हसियतने या वेळी लेकीच्या मांडीवरचा लिफाफा स्वतःच सरळ केला. मी निखारासुद्धा वाजवला नाही.

झमीरा ओपा यादी घेऊन आली. बोबोंनी ती उघडलीसुद्धा नाही.

"सोपं आहे. पलोव आणा."

माझ्या पोटातली राख थंड झाली. मित्रांनो, चाळीस वर्षं पलोव रांधणाऱ्या माणसापुढे बिर्याणी ठेवणं म्हणजे भर मांडवात जुन्या नवरदेवापुढे नवा नवरदेव उभा करणं.

"पलोव संपला, बोबो," झमीरा म्हणाली.

"दुपारी बारा वाजता?"

"कालच संपला."

"मग आज केला नाही?"

"आज आचाऱ्याचा हात दुखतोय."

मागे कुंदन त्याच दुखऱ्या हाताने दहा किलो पीठ मळत होता. बोबोंनी त्याच्याकडे पाहिलं, मग झमीराकडे पाहिलं. "पोरी, तू खोटं बोलतेस."

"हो," झमीरा म्हणाली. "पण तुमच्या भल्यासाठी. तुम्ही इथे पलोव खाल्लात तर तुम्ही जेवणार नाही, परीक्षा घ्याल. मी सांगते ते मागवा. नाही आवडलं तर मला मोहल्ल्यात नावं ठेवा."

"ती तर मी असंही ठेवणार आहे. बोल."

"एक वांग्याचं भरीत. वांगं तुम्ही तळता, आम्ही निखाऱ्यात भाजतो, म्हणजे तुलना करायची सोय नाही. एक पिवळी डाळ, साधी, ती पोटात भांडत नाही. तंदुरातली कोंबडी, कारण भाजलेल्या मांसाला कोणी नाव ठेवत नाही. गरम नान. आणि प्रत्येकाजवळ एक वाटी दही. तिखट लागलं तर पाणी प्यायचं नाही, दही खायचं. पाण्याने आग पसरते."

"आणि हे लाल रश्शातलं काय आहे?" मुकद्दसने यादीतल्या चित्रावर बोट ठेवलं.

"ते तिसऱ्या खेपेला," झमीरा म्हणाली.

मग कुंदनने एक भलं मोठं वांगं माझ्या हवाली केलं. मी आयुष्यात लाखो रोट्या भाजल्या, पण त्या वांग्याइतकी काळजी कशाची घेतली नाही. एका बाजूने जळू दिलं नाही, दुसऱ्या बाजूने कच्चं राहू दिलं नाही. साल काळीभोर झाली, आतून नुसतं लोणी. कुंदनने ते सोलून ठेचलं, कांदा घातला, कोथिंबीर घातली. हिरवी मिरची घालताना झमीरा ओरडली, "अर्धीच!" कुंदन म्हणाला, "अर्धीच घालतोय." त्याची अर्धी आणि तिची अर्धी यांत एका मिरचीचा फरक होता.

ताटं मांडली गेली. आमच्याकडे वडीलधाऱ्याने सुरुवात केल्याशिवाय कोणी हात लावत नाही, त्यामुळे दोघी बायका बोबोंच्या हाताकडे पाहत बसल्या. बोबोंनी नान उचलला, उजेडात धरला. "यातून पलीकडचं दिसतंय. ही रोटी आहे की पडदा?" पण तुकडा तोडला. भरीत घेतलं. तोंडात घातलं.

ते चावत राहिले. बराच वेळ चावत राहिले. मग त्यांचा चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी आलं आणि असा ठसका लागला, की मांडवावरच्या चिमण्या उडाल्या. हसियतने पाण्याचा पेला पुढे केला. झमीराने तो हिसकावला आणि दह्याची वाटी पुढे केली.  मुकद्दसने लिफाफा हळूच पिशवीत टाकला आणि पिशवीची चेन ओढली. तो आवाज मला आजही आठवतो.

बोबोंनी दही खाल्लं. तोंड पुसलं. उठले आणि थेट माझ्याकडे चालत आले.

कुंदन हात जोडून उभा राहिला. सहा वर्षांत बाजारातून उचललेली आमची भाषा त्याच्या तोंडून पडत-धडपडत बाहेर आली. "बाबाजी, मिरची जास्त झाली. माझी चूक. ओपाची काही चूक नाही."

"मिरचीचं राहू दे," बोबो म्हणाले. "वांगं कुणी भाजलं?"

कुंदनने माझ्याकडे बोट दाखवलं. बोबोंनी माझ्या तोंडात डोकावून पाहिलं. म्हातारे माझ्यात डोकावतात तेव्हा मला नेहमी वाटतं, की ते काहीतरी हरवलेलं शोधताहेत. मग ते कुंदनला म्हणाले, "खरं सांगायचं. तू इथे आलास तेव्हा काय खाल्लंस?"

"काही नाही, बाबाजी. दोन महिने चहा आणि बिस्किटं."

"आणि घरी काय सांगितलंस?"

कुंदन खाली पाहू लागला. "आईला सांगितलं, इथलं जेवण झकास आहे."

आता माझ्या काठाशी दोघे उभे होते. एक पार उत्तरेला उपाशी राहिलेला, दुसरा आमच्या अंगणात.

"मग जगलास कसा?"

"कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्याने एकदा हाताला धरून पलोव खायला बसवलं."

"कुणी? त्या शेरालीने?" बोबो भडकले. "त्याला तू पलोव म्हणतोस? गाजरं उकडतो तो गाढव! आणि त्यावर तू जगलास?"

"जगलो, बाबाजी. आता शुक्रवारी दोन ताटं खातो."

बोबोंच्या मिशा हलल्या. रागाने नव्हे, हे माझ्या आधी झमीराला कळलं, कारण तिने श्वास सोडलेला मी ऐकला.

"म्हणजे वाईट पलोवावरही माणूस जगतो," बोबो म्हणाले. "त्या नागपुरात हे वांगं मिळतं?"

"वांग्याला तिकडे तोटा नाही, बाबाजी."

"आणि तिखट?"

नागपूरकडचा रस्सा कसा असतो हे कुंदनला पक्कं ठाऊक होतं. तो म्हणाला, "दही फार छान मिळतं." कुठे थांबायचं हे कळणं हाही स्वयंपाकाचाच भाग आहे.

बोबो परत जाऊन बसले आणि जेवले. भरीत संपवलं. डाळ पाहून म्हणाले, "रंग संशयास्पद आहे," आणि दोनदा घेतली. कोंबडीबद्दल काहीच बोलले नाहीत, कारण तोंड रिकामं नव्हतं. पण होय किंवा नाही एवढं सोडून ते सगळ्या विषयांवर बोलले. दोघी मायलेकी भाकरीच्या भुकेने नव्हे तर त्या एका शब्दाच्या भुकेने त्यांच्याकडे पाहत होत्या.

शेवटी त्यांनी कुंदनला हाक मारली. "ए पहाड्या! एक रोटी लाव. तुझा तो पडदा नको, आमच्यासारखी. बोटभर जाड." आणि स्वतः बाजूला उभे राहिले. "कड सोड. मध्ये दाब. अरे, मध्ये! पाणी शिंपड. आता झाक. तुला कुणी शिकवलं रे?" मी तोंड वर करून अशी जाड रोटी प्रथमच भाजत होतो. पडेल की काय अशी भीती होती. पण अंगाला जुनं काम आठवतं. ती चिकटून राहिली आणि सोन्यासारखी होऊन बाहेर आली.

बोबोंनी ती निवू दिली. मग दोन्ही हातांत धरून मुकद्दसच्या तोंडासमोर नेली आणि म्हणाले, "चाव."

मुकद्दस पाहतच राहिली. हसियतने रुमालात तोंड लपवलं. आमच्याकडे घरातलं माणूस लांब निघालं, की त्याला एक रोटी चावायला लावतात. उरलेली रोटी भिंतीवर टांगतात. ते परत येऊन ती संपवणार, तोवर तिला कोणी हात लावत नाही. न जाणाऱ्या माणसापुढे अशी रोटी कोणी धरत नाही.

"मोठा घास घे," बोबो म्हणाले. "चिमणीसारखं काय टोचतेस? चार वर्षांचं काम आहे."

तिने मोठा घास घेतला. खाता खाता ती हसत होती आणि रडतही होती, त्यामुळे तिला ठसका लागला, आणि या वेळी त्यात मिरचीचा काही हात नव्हता. बोबोंनी उरलेली रोटी खांद्यावरच्या शेल्यात बांधली आणि झमीराला म्हणाले, "बाई, लिफाफा चिकटवायला जरा खळ आहे का?" झमीरा कणकेचा गोळा घेऊन धावली. माझ्या निखाऱ्यांवर इतका हलका वारा फार दिवसांनी आला.

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो आहे. कुणाकडे माझ्यासारखा तंदूर असेल, तर त्याची राख रोज काढा आणि गरम अंगावर गार पाणी ओतू नका. एवढं केलंत तर आम्ही फार दिवस टिकतो. माझं मागणं मात्र दुसरंच आहे. ती पोरगी तुमच्याकडे आली आहे. तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत, अशी कुठली कुठली पोरं येऊन राहिलेली असतात. दिसलं कोणी, तर जेवलीस का म्हणून विचारा. आणि ती हो म्हणाली, तर जरा थांबून पुन्हा एकदा विचारा.