दीड फूट वर बसलेला खांब

बायको गेल्याचं मिस्त्रींना कळलं तेव्हा ते न्हाव्याच्या खुर्चीत होते. एक गाल साफ झालेला, दुसऱ्यावर साबण. मुलीचा फोन आला, "बाबा, आई गेली." मिस्त्री तसेच उठले आणि तसेच इस्पितळात पोचले. कोणी हसलं नाही. हसणारी एकच बाई होती, ती आत झाकून ठेवलेली.

बंदराच्या कचेरीत एकतीस वर्षं ती पाण्याची पातळी नोंदवत होती. धक्क्याच्या टोकाला फुटांच्या खुणा रंगवलेला एक खांब होता. भरतीच्या वेळी तिथं जायचं, पाणी कुठल्या खुणेला लागलंय ते बघायचं आणि वहीत लिहायचं. दिसेल तेच लिहायचं, असा कचेरीचा नियम, आणि बाई नियमाची पक्की.

दोन महिन्यांनी नगरपालिकेचा लखोटा आला. पाण्याकाठी चाळीस हजार खुर्च्यांचं स्टेडियम बांधायचा प्रस्ताव होता आणि तो तपासायच्या समितीत मिस्त्रींना घेतलं होतं. आयुष्यभर धक्क्याची डागडुजी केलेला माणूस बसवला की समितीला जरा वजन येतं, एवढाच त्यातला हिशेब.

चाळीस हजार! गावच्या संघाचा सामना बघायला खेळाडूंच्या आया येतात. पाऊस असला की त्याही येत नाहीत.

मिस्त्रींनी ते बाड जेवणाच्या टेबलावर ठेवून पहिल्या पानापासून वाचलं. शिंपल्यासारखं छप्पर, बोटींतून येणारे प्रेक्षक, जगाच्या नकाशावर गाव. सगळी चित्रं उन्हातली, आणि चित्रातला प्रत्येक माणूस बारीक. बासष्टाव्या पानावर मात्र त्यांचा हात थांबला. तिथं बायकोचे आकडे छापले होते. सर्वांत उंच भरती, अकरा फूट. म्हणून तळमजला बारा फुटांवर.

मिस्त्री उठले आणि कचेरीनं तिच्या सामानाबरोबर घरी पाठवलेल्या तिच्या वह्या कपाटातून काढल्या.

नऊ वर्षांपूर्वी रेतीच्या बार्जनं धडक देऊन तो खांब मोडला होता. नवा खांब मिस्त्रींनीच रोवला. खाली खडक लागला, खांब पुरता उतरेना, आणि मिस्त्रींनी तो दीड फूट वरच बसवून दिला. म्हणजे पाणी अकराच्या खुणेला असलं की खरं साडेबारा. कचेरीला त्यांनी फक्त 'खांब बदलला' एवढंच कळवलं. बायकोनं नव्या प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं, 'आतील दर आकड्यात दीड फूट मिळवावे.' सल्लागारांच्या टायपिस्टनं आकडे उतरवले. पहिलं पान कोण वाचतो?

"अहो, खडक फोडा, नाहीतर खुणा तरी नव्यानं रंगवा," ती म्हणायची. "मी गेल्यावर ही बेरीज कोण करणार?"

"बघू की," मिस्त्री म्हणायचे. नऊ वर्षं.

आता तोंड उघडायचं तर आपलं काम आपणच चव्हाट्यावर मांडायचं होतं. गप्प बसलं तर त्या शिंपल्याखाली तिचे आकडे जन्मभर खोटे पडून राहणार होते.

बैठकीत काचेच्या पेटीत स्टेडियमचा नमुना ठेवला होता. पांढऱ्या बुटांचा सल्लागार त्याच्याभोवती बारशाला आल्यासारखा फिरत होता.

"मिस्त्रीकाका, तुमची तेवढी सही," अध्यक्ष म्हणाले. "आणि एक ठरवलंय बरं का. पाण्याकडच्या गॅलरीला वहिनींचं नाव द्यायचं."

"नका देऊ. पहिलं पाणी तिथंच शिरेल."

सल्लागार हसला. "काका, आम्ही संगणकावर तपासलंय."

"संगणक धक्क्यावर गेला होता का?"

मिस्त्रींनी पिशवीतून नऊ वह्या काढल्या आणि पहिली पानं उघडून टेबलावर मांडली. "खांब दीड फूट वर बसलाय," ते म्हणाले. समितीत शाळेच्या खेळाच्या बाई होत्या. त्यांनी एक वही जवळ ओढली, मग दुसरी, आणि बासष्टावं पान शेजारी धरलं.

"म्हणजे तळमजला अर्धा फूट पाण्यात," बाई म्हणाल्या. "मुलं कपडे बदलणार कुठं? होडीत?"

अध्यक्षांचा चेहरा उतरला. "पण खांब चुकीचा रोवला कुणी?"

"मी."



"वा!" सल्लागार म्हणाला. "म्हणजे तुमच्या चुकीपायी आमचं दोन वर्षांचं काम..."

"माझी चूक मला नऊ वर्षं घरात रोज ऐकावी लागली," मिस्त्री म्हणाले. "तुम्हाला दोन वर्षांत कुणी एकदाही धक्क्यावर जाऊन या म्हणालं नाही?"

मिस्त्रींनी सही केली नाही. बाईंनी पेनाला टोपण लावलं. प्रस्ताव नव्यानं मापं घ्यायला परत गेला. इतिवृत्तात 'किरकोळ तांत्रिक शंका' अशी नोंद झाली. चहा मात्र सगळ्यांनी संपवला.

घरी जाताना मिस्त्री धक्क्यावर थांबले. भरती होती. पाणी दहाच्या खुणेला लागलं होतं. साडेअकरा, त्यांनी मनात बेरीज केली. ती गेल्यापासून कचेरीनं त्या कामावर कुणाला नेमलेलं नाही आणि वही कोरी आहे. खांब अजून दीड फूट वरच आहे. खुणा रंगवायच्या राहिल्या आहेत.