घर क्रमांकातली तिरकी रेघ

गॅस कंपनीच्या वेबसाइटवरचा गळतीच्या तक्रारीचा नवा फॉर्म बारकीनं लिहिला होता. ऑफिसात सगळ्यांत धाकटी, म्हणून ती बारकी. सकाळी तिच्या मावशीचा फोन आला.

"अगं, काल तुझ्या त्या फॉर्मवर तक्रार टाकली. 'नोंद झाली' म्हणाला. अजून काळं कुत्रं फिरकलेलं नाही. वास तर वाढतोच आहे."

बारकी खुर्चीतून ताडकन उठली. "मावशी, कुठल्याही बटणाला हात लावू नकोस. आहेस तशी बाहेर पड."

"चप्पल तरी घालू दे."

"अनवाणी जा गं."

फोन बंद झाला. तिनं मावशीचा पत्ता दुरुस्ती पथकाला तोंडी कळवला आणि तक्रारी उघडल्या. मावशीची तक्रार होती, पण घर क्रमांकाची जागा कोरी. खाली आणखी काही तशाच. पत्ता अर्धवट म्हणून पथकानं त्या बाजूला सारल्या होत्या.

दादा, म्हणजे तिचा वरिष्ठ, खुर्ची ओढून शेजारी बसला. "क्रमांक तपासायचा नियम तूच लिहिलास ना? दाखव."

तपासून झाल्यावर क्रमांक फ्रेमवर्कच्या, म्हणजे फॉर्म ज्या तयार सांगाड्यावर उभा होता त्याच्या, हाती परत द्यायचा असतो. साध्या आकड्यांसाठी तिनं तो दिला होता. मावशीच्या १२/३ सारख्या, तिरकी रेघ असलेल्या क्रमांकांसाठी मात्र परत देण्याची ओळच राहून गेली होती, आणि फ्रेमवर्क मुकाट्यानं रिकामी जागा साठवत होतं.

"ती ओळ घाल," दादा म्हणाला. "मी या लोकांना फोन लावतो."

बारकी टाइप करू लागली. ओळ दोनदा चुकली. मधूनमधून ती मावशीला फोन लावत होती. नुसती रिंग जात होती.

मग अनोळखी नंबरवरून मावशीच बोलली. "मोबाइल आत राहिला गं. समोरच्या दुकानातून बोलतेय. तुमची माणसं आलीत, मीटरजवळचा सांधा सैल झालाय म्हणतात."

बारकीला हुंदका आवरेना.

इकडे दादाचा एक फोन कोणी उचलत नव्हतं. त्या तक्रारीत इमारतीचं नाव तेवढं होतं. पथक तिथं दारोदार वास घेत फिरलं. एका कुलूपबंद घराच्या फटीतून गॅस येत होता. बाहेरची तोटी बंद करून त्यांनी खिडकी फोडली. मालक बाहेरगावी गेला होता.

"आणि त्यानं परत येऊन दिवा लावला असता तर?" बारकीनं विचारलं.

दुरुस्त केलेला फॉर्म दादानं तिच्यापुढे उघडला, आणि ती सुचतील ते सगळे घर क्रमांक त्यात भरून पाहू लागली.