पुलाच्या अलीकडे

कुपवाडमध्ये कुणाला लांबच्या गावी जायचं असलं की घरातली म्हातारी माणसं म्हणायची, बादशहाभाईला सांगा. बादशहा शिकलगारकडे सात जणांची पांढरी गाडी होती. लग्नाचं वऱ्हाड, मिरजेच्या दवाखान्यातून घरी न्यायचा पेशंट, कोकणात निघालेलं एखादं कुटुंब, अशी भाडी तो करायचा. मागच्या सीटवर झोपलेलं मूल जागं होणार नाही, इतक्या अलगद तो ब्रेक लावायचा. तीस वर्षं झाली, पण त्याच्या हातून कुणाला साधं खरचटलंही नव्हतं.

गेल्या जानेवारीत चिपळूणहून एका कुटुंबाला घेऊन तो परत येत होता. घाट चढून, कोयनानगर मागं टाकून गाडी खोल ओढ्यावरच्या उंच पुलावर आली. त्या पुलावरून तो शेकडो वेळा गेला असेल. त्या दिवशी मध्यावर आल्यावर गाडी डावीकडं ओढतेय असं त्याला वाटलं. कठड्यापलीकडं नुसतं आभाळ होतं. कान बंद झाले, तळहात ओले झाले, समोरचा रस्ता पाण्यासारखा हलायला लागला. स्टेअरिंग आपल्या हातात आहे का नाही, तेच कळेना. पूल कसाबसा संपला. टायर बघतो असं सांगून तो खाली उतरला आणि चाकाच्या आड दहा मिनिटं बसून राहिला. गाडीतल्या माणसांना काही कळलं नाही.

आधी त्याला गाडीचाच संशय आला. त्यानं अलाइनमेंट करून घेतली, पुढचे दोन्ही टायर बदलले. पंधरा दिवसांनी रिकामी गाडी घेऊन तो मुद्दाम त्याच पुलाकडं गेला. पुलाच्या तोंडाशीच छाती धडधडायला लागली, तसा तो मागं फिरला. मग कान तपासून झाले, साखर झाली, रक्तदाब झाला. शेवटी मिरजेच्या एका डॉक्टरांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की काळजाला काही झालेलं नाही, ही भीती आहे. श्वास लांब सोडायचा, कुणाला तरी शेजारी बसवून थोडा थोडा सराव करायचा, गरज पडली तर गोळीही देऊ. पण सगळ्यात आधी घरात सांगायचं.

तेवढं सोडून बाकी सगळं बादशहानं केलं. घरात सांगितलं नाही. कोकणातली भाडी तो दुसऱ्यांना द्यायला लागला. कुणी विचारलं तर घाटात गाडी तापते म्हणायचा.

पण त्याची एकुलती एक मुलगी, फिरदोस, त्या पुलाच्या पलीकडं राहत होती. तिचा नवरा आसिफ कोयनानगरला प्रकल्पाच्या वसाहतीत वायरमन होता. तिथं जायला दुसरी सोयीची वाट नव्हती. पूर्वी रस्ता खाली उतरून ओढ्यातल्या बुटक्या फरशीपुलावरून जायचा. पूल झाल्यावर ती वाट झाडीत बुजून गेली होती. जानेवारीपासून बादशहा लेकीकडं गेला नाही. ईदलासुद्धा त्याची बायको शमशाद एकटीच एस्टीनं जाऊन आली.

फिरदोसला दिवस गेले होते. सातव्या महिन्यात तिला बाळंतपणासाठी आणायचं ठरलं. एस्टीच्या दणक्यात नको, अब्बांच्याच गाडीतून येईन, असं तिनं आधीच सांगून ठेवलं होतं. पहिली तारीख ठरली तेव्हा बादशहानं गिअरबॉक्सचं काम काढलं. दुसऱ्या वेळी रहिमतपूरचं लग्न मधे आणलं. तिसऱ्या वेळी कारण सांगताना तो नीट बोललाही नाही. त्यानंतर फिरदोसनं विचारायचंच बंद केलं. फोन आला की ती आईशी बोलायची आणि ठेवून द्यायची.

एक दिवस फोन ठेवल्यावर शमशादनं स्वयंपाकघरातला गॅस बंद केला. मग बाहेर येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं, की पोरगीला वाटतंय तुम्ही अजून रागावलेले आहात. आसिफ फिरदोसनं स्वतः पसंत केला होता. मुलगी मिरजेत, जवळ द्यावी असं बादशहाच्या मनात होतं आणि तेव्हा तो दोन दिवस गप्प होता. ती गोष्ट तो स्वतः केव्हाच विसरला होता. लेक विसरली नव्हती.

"आठवा लागला तिला," शमशाद म्हणाली. "तुमी येणार नसला तर मी जाते आन् एस्टीनं घेऊन येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी बादशहानं गाडी धुतली, मधल्या सीटवर गादी अंथरली आणि शमशादला चल म्हणाला.

कऱ्हाडपर्यंत तो ठीक होता. पाटण गेलं तसा त्यानं रेडिओ बंद केला. पुलाच्या अलीकडं एक चहाची टपरी होती. तिथं त्यानं गाडी लावली. दोघांनी चहा घेतला. मग त्यानं आणखी एक चहा घेतला, मग काच पुसली, मग चाकातली हवा बघितली. तासभर झाला. शमशाद गाडीत जाऊन बसली, त्याची वाट बघत. अखेर तोही येऊन बसला. किल्ली फिरवायला त्यानं हात पुढं केला आणि तो तसाच राहिला. शमशादनं त्याच्या हातावर हात ठेवला. हात थंडगार आणि ओला होता.

"काय होतंय तुमाला?" तिनं हळू विचारलं.

"मला ह्यो पूल पार होत न्हाई," बादशहा म्हणाला.

एकदा तोंड उघडल्यावर त्यानं सगळं सांगितलं. जानेवारीतलं, टायरचं, डॉक्टरांचं, रहिमतपूरच्या खोट्या लग्नाचंही. बोलताना तो समोरच्या काचेकडंच बघत होता. त्याचं बोलणं संपल्यावर शमशादनं पदरानं त्याचा तळहात पुसला, मग दुसरा पुसला.

"धा महिनं एकट्यानं वागवलंत व्हय हे?"

"पुलाला भिणाऱ्या डायवरच्या गाडीत कोण बसंल?"

"मी बसलीय की," ती म्हणाली.

बादशहाच्या डोळ्यांत पाणी आलं. तो खाली उतरून गाडीला टेकून उभा राहिला. शमशादही उतरून त्याच्या शेजारी उभी राहिली. ऊस भरलेले दोन ट्रॅक्टर पुलावरून निघून गेले, एक एस्टी गेली. आता परत फिरलं तरी मी काही म्हणणार नाही, असं ती म्हणाली. आपण दोघं एस्टीनं जाऊ, असंही म्हणाली. त्याला तिचं कुठलंच म्हणणं पटेना. थोड्या वेळानं त्यानं स्वतःच खिशातून मोबाइल काढला आणि जावयाला लावला. आसिफला त्यानं आजवर एकही काम सांगितलं नव्हतं. शेवटी तो एवढंच म्हणाला, "आसिफ, मी पुलाच्या अलीकडं थांबलोय. मला गाडी पलीकडं आणता येत न्हाई. तू ये."

काय झालंय असं आसिफनं विचारलं नाही. येतो म्हणाला. अर्ध्या तासानं पुलाच्या त्या टोकाला सीटवर भाडं घेणारी वडापची जीप थांबलेली दिसली. आसिफ उतरला आणि पूल चालत पार करून आला. अंगात कामाचा खाकी शर्ट तसाच होता. त्यानं सलाम केला, किल्ली घेतली आणि आरसा आपल्या उंचीला लावला. बादशहा मागं शमशादजवळ बसला. तीस वर्षांत आपल्याच गाडीत मागच्या सीटवर तो पहिल्यांदा बसत होता.

पुलावर आल्यावर त्यानं डोळे मिटले. छाती धडधडायला लागली. शमशादनं त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि श्वास सोडा, आणखी सोडा, असं त्याच्या कानाशी म्हणत राहिली. आसिफ गाडी अगदी हळू चालवत होता. मागून कुणी हॉर्न दिला तरी त्यानं वेग वाढवला नाही. पलीकडं पोचल्यावर तो सासऱ्याला म्हणाला, "मामू, मी खांबावर चढतो. पहिल्या वर्षी वर गेलो की माझे पाय लटपटायचे. फोरमन खाली उभा राहून माझ्याशी बोलत राहायचा. आजून लय वारं असलं की मी कुणाला तरी खाली उभं करतो." एवढंच बोलून त्यानं गाडी पुढं काढली.

फिरदोस दारातच उभी होती. आसिफनं तिला काही सांगितलं नव्हतं. बादशहानं चपला काढल्या, तिच्यासमोर खाटेवर बसला आणि पाण्याचा तांब्या हातात असतानाच तिला सगळं सांगून टाकलं. रागाचं काही नव्हतं, पुलाचं होतं. ती ऐकत होती आणि ऐकता ऐकता रडायला लागली.

"मला वाटलं तुमी माझं तोंड बघायला तयार न्हाई," ती म्हणाली.

"तुझं तोंड बघायलाच तासभर बसलो हुतो त्या टपरीवर," बादशहा म्हणाला.

मग तिनंही एक गोष्ट सांगितली. कोयनेला अधूनमधून जमीन हलते. आसिफची रात्रपाळी असली की ती दाराजवळ गादी टाकून, चपला उशाशी घेऊन झोपायची. घरी सांगितलं तर अब्बा काळजी करतील आणि दूर दिली म्हणून स्वतःला बोल लावतील, म्हणून ती गप्प राहिली होती. शमशादनं दोघांकडं बघितलं आणि कपाळाला हात लावला. मग ती चहा ठेवायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी निघताना आसिफनं पुलापर्यंत आणि पुलावरून गाडी चालवली. अलीकडं टपरीजवळ तो उतरला, फिरदोसच्या पाठीमागं उशी नीट लावली आणि किल्ली सासऱ्याच्या हातात दिली. तिथून कुपवाडपर्यंत बादशहानं गाडी चालवली. पाटण सोडल्यावर फिरदोसला झोप लागली. कृष्णेच्या पुलावर त्याचे हात जरा घट्ट झाले. शमशाद समोर बघतच लांब श्वास सोडायला लागली आणि तोही तिच्या बरोबर सोडत गेला.

फिरदोसला मुलगी झाली. मधल्या काळात बादशहा डॉक्टरांकडं परत गेला, या वेळी शमशादला घेऊन. दर रविवारी तो पुलापर्यंत जायला लागला. आसिफ पलीकडून येऊन शेजारी बसायचा. पहिल्या रविवारी गाडी कठड्याचे दोन खांब पुढं गेली, मग त्यानं ती मागं घेतली. पाचव्या रविवारी अर्धा पूल झाला. एका रविवारी तर पुन्हा पहिल्यासारखं झालं आणि आसिफनंच गाडी आणली. तरीही पुढच्या आठवड्यात बादशहा गेला. बाळाला घेऊन फिरदोस सासरी निघाली, तेव्हा पूल त्यानं स्वतः पार केला, वीसच्या वेगानं, घामानं शर्ट भिजवत.

भीती पुरती गेली असं तो म्हणत नाही. कोकणातली भाडी मात्र तो पुन्हा घेतो. निघताना माणसांना सांगतो, की वाटेत एक उंच पूल आहे, तिथं मी गाडी हळू घेतो आणि तेवढ्या वेळात माझ्याशी कुणी बोलू नका. पहिल्यांदा हे सांगताना त्याची जीभ अडखळली होती. ते ऐकून एक आजी सावरून बसल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं बाबा, सांगितलंस. मलाबी लय भ्या वाटतं तिथं. जा सावकाश."