प्राण फुंकलेला राउटर

इमारतीच्या तळमजल्यावरच्या सभागृहात त्या सकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध टेबल, टेबलावर पांढरी चादर आणि चादरीवर तान्हं बाळ ठेवावं तसा एक राउटर ठेवलेला. काळा, धुळकट, दोन अँटेना कानांसारख्या उभारलेला. त्याच्यावर तळहात धरून लहरीगुरू डोळे मिटून उभे होते. अंगात पांढराशुभ्र ट्रॅकसूट, पायात पांढरे बूट आणि गळ्यात दोरीला लटकवलेला पेनड्राइव्ह.

"हे यंत्र नाही," ते पुटपुटले. हातात माईक होता, त्यामुळे पुटपुटणं शेवटच्या रांगेपर्यंत खणखणीत ऐकू गेलं. "हा तुमच्या घराचा श्वास आहे. पण कंपनीने याच्या पोटात जे फर्मवेअर भरलंय ना, ते मढं आहे, मढं! घरात मढं ठेवून तुम्ही वेगाची अपेक्षा करता?"

"अगं बाई!" पहिल्या रांगेतल्या काकूंनी तोंडाला पदर लावला. "आमच्याकडे तर ते बेडरूममध्ये आहे!"

गुरूंनी पेनड्राइव्ह खोचला. राउटरचे सगळे दिवे विझले. कोणी श्वास घेईना. मग एकेक दिवा लुकलुकत पेटला आणि गुरू ओरडले, "प्राण आला!" भिंतीवरच्या टीव्हीवर त्यांचं 'लहरदर्शन' नावाचं पान उघडलं आणि वेगाचा काटा सरसर चढत थेट टोकाला जाऊन थरथरला. टाळ्यांचा कडकडाट झाला. बँकेतून निवृत्त झालेले एक काका, ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्या भिंगातून तपासल्या, ते चक्क डोळे पुसत होते.

"पथ्य एवढंच," गुरू म्हणाले. "भिंतीतून येणारी ही वायर म्हणजे राउटरची नाळ. ती ओढायची नाही. ओढली की प्राण गेला. आणि वेग बघायचा तो लहरदर्शनवरच. बाकीची पानं कंपन्यांची, ती खोटं दाखवतात. शुद्ध झालेला राउटर ती पानं उघडतच नाही."

कसला निर्लज्ज माणूस! पण सभागृह माना डोलावत होतं.

मागच्या भिंतीला टेकून गणिताच्या बाई उभ्या होत्या. इमारतीत सगळे त्यांना बाईच म्हणत, कारण निम्म्या घरांतली मुलं त्यांच्या शाळेत होती. त्यांच्या सासऱ्यांनी, म्हणजे इमारतीच्या सेक्रेटरींनी, आठवड्यापूर्वीच घरच्या राउटरमध्ये प्राण फुंकून घेतला होता. आज गुरूंना माईक आणून दिला होता तोही त्यांनीच.

बाईंचा संताप मात्र आदल्या दिवसापासूनचा होता. त्यांची धाकटी बहीण जन्मापासून बहिरी. ती दूरच्या एका शहरात इस्पितळात होती. स्तनात गाठ निघाली होती आणि उद्या सकाळी ऑपरेशन होतं. तिथे खुणांची भाषा जाणणारं कोणी नव्हतं, म्हणून व्हिडिओ कॉलवर बहिणीचे हात वाचून डॉक्टरांना सांगायचं काम बाईंकडे होतं. डॉक्टरांनी विचारलं होतं, गाठ वाईट निघाली तर तिथल्या तिथे पूर्ण स्तन काढायचा का? धाकटीचे हात हलले: पूर्ण, काढा... आणि चित्र गोठलं. बाईंनी डॉक्टरांना सांगितलं, हो म्हणतेय.

ती हो म्हणत नव्हती. खुणांच्या भाषेत, आपल्या बोलण्यासारखंच, 'नको' शेवटी येतं. गोठलेल्या चित्रात नेमका तो शेवटचा हात अडकला होता. मग संमतीचा कागद पुढ्यात आल्यावर धाकटीचा मेसेज आला. मोडक्यातोडक्या अक्षरांत, कारण लिहिणं तिला कधीच सोपं गेलं नव्हतं: ताई, मी नको म्हणाले. तू हो का सांगितलं?

धाकटीला नक्की काय हवंय ते तिच्याच हातांतून डॉक्टरांना कळावं, म्हणून बाईंनी विनवणी करून आज संध्याकाळी पाचची वेळ मागून घेतली होती. त्यांच्या घरात मोबाईलला रेंज नाही, ती थेट फाटकाबाहेर मिळते. पण धाकटीने आधीच बजावलं होतं, माझ्या अंगाबद्दलचं बोलणं रस्त्यावर उभं राहून करायचं नाही. बरोबरच होतं तिचं.

"गुरुजी," बाई मागून म्हणाल्या, "आमच्या राउटरमध्ये तुमचा प्राण आहे. काटाही टोकाला जातो. मग व्हिडिओ का गोठतो?"

"सूनबाई!" सासरे दबक्या आवाजात म्हणाले. "इथे नको."

गुरू हसले. "कुणाशी बोलत होतात?"

"बहिणीशी. तिला ऐकू येत नाही."

"मग मला कशाला विचारता? जिच्या कानात जन्मापासून लहरी शिरल्या नाहीत, तिच्यापर्यंत माझ्या लहरी कशा पोचणार? दोष राउटरचा नाही, ताई. दोष तिच्या देहाचा आहे."

आणि लोकांनी हळहळत माना हलवल्या! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या पांढऱ्या बुटातल्या भामट्याने भरसभेत त्यांच्या बहिणीच्या देहाचा न्याय केला होता आणि एकालाही त्यात वावगं वाटलं नव्हतं. त्या तडक घरी आल्या.

रागातही डोकं कामाला लागलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे त्या वर्गात रोज सांगत. त्यांनी राउटरजवळ बसून लहरदर्शन उघडलं. काटा टोकाला. फोन घेऊन शेवटच्या खोलीत गेल्या. काटा टोकाला. लोखंडी कपाटात डोकं आणि फोन दोन्ही घातली. काटा टोकाला, तसाच थरथरणारा, आकडा दशांशापर्यंत तोच.

"अरे चोरा!" बाई कपाटातूनच ओरडल्या.

ही खूण त्यांच्या ओळखीची होती. वेगवेगळी गणितं घातली आणि सगळ्यांचं उत्तर एकच आलं, तर मुलाने सोडवलेलं नाही, कुठून तरी उतरवलंय. त्या सरळ राउटरपाशी आल्या आणि भिंतीतून येणारी वायर ओढून काढली. आता घरात इंटरनेट नावाची गोष्टच उरली नव्हती. त्यांनी लहरदर्शन पुन्हा उघडलं. काटा सरसर चढला आणि टोकाला जाऊन थरथरला.

मग पुढचं सोपं होतं. फाटकाबाहेर जाऊन कंपनीच्या साइटवरून मूळ फर्मवेअर, म्हणजे राउटर चालवणारा प्रोग्राम, त्यांनी फोनवर उतरवून घेतलं, लॅपटॉपवर घेतलं आणि राउटरला केबल जोडून परत घातलं आणि भिंतीतली वायर पुन्हा लावली. आता वेग मोजणारी बाकीची पानं उघडू लागली. आकडा साधाच आला. खोली बदलली की तो बदलत होता आणि कपाटात पार झोपत होता. खऱ्या आकड्याने असंच वागायला हवं.

पण फोनवर व्हिडिओ लावला तर तो अजूनही अडखळत होता, आणि केबल लावून लॅपटॉपवरून बोलावं तर त्याचा कॅमेरा कधीच मेलेला. आसपासचे वायफाय दाखवणारं एक ॲप उघडल्यावर कारण दिसलं. इमारतीतला प्रत्येक प्राणवान राउटर वायफायच्या लहरींची सगळी पट्टी अडवून, पूर्ण जोर लावून बोंबलत होता. एका खोलीत सगळ्यांनी एकदम ओरडायला लागावं आणि कुणालाच काही ऐकू येऊ नये, तशी गत. म्हणजे जितक्या घरांत प्राण, तितका सगळ्यांचा वेग कमी. वेग कमी झाला की लोक पुन्हा गुरूंकडे. काय धंदा होता!

चार वाजायला आले होते. बाई धावत सभागृहात गेल्या. भरल्या सभेत गुरू अजूनही एका नव्या राउटरवर हात धरून उभे होते.

"बाबा," त्या सासऱ्यांना म्हणाल्या, "ही वायर तुम्ही ओढा."

सासऱ्यांचा चेहरा पडला. "अगं, नाळ आहे ती. प्राण जाईल."

"गेला तर मी नवीन राउटर आणते आणि सगळ्यांची माफी मागते. पण तुम्ही ओढा. मी ओढली तर म्हणतील, सुनेने काहीतरी केलं."

"शंका!" गुरूंचा आवाज चढला. "शंकेने लहरी आटतात! ओढू नका सेक्रेटरी, पस्तावाल!"

सासऱ्यांनी गुरूंकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. आयुष्यात त्यांनी कुणाच्या देखत स्वतःचा शब्द मागे घेतला नव्हता. त्यांनी डोळे मिटले आणि वायर ओढली.

"आता लहरदर्शन लावा," बाई म्हणाल्या.

टीव्हीवर काटा सरसर चढला. टोकाला जाऊन थरथरला. वायर सासऱ्यांच्या हातात लोंबकळत होती.

"या... या साठवलेल्या लहरी आहेत," गुरू म्हणाले. त्यांची बोबडी वळायला लागली होती.

"हो का?" बँकेतले काका उठले. त्यांचे डोळे आता कोरडे होते. "मग त्या साठवलेल्या लहरींवर चालू असलेली मॅच लावून दाखवा बरं."

मागून कोणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळं सभागृह हसलं. गुरूंनी पेनड्राइव्ह उपसला आणि "तुमची लायकी नाही" असं पुटपुटत ते दाराकडे सरकले. या वेळी माईक नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

बाईंनी थोडक्यात सांगितलं. काट्याचं ते पान इंटरनेटवरून येतच नाही, ते राउटरच्या पोटातच भरून ठेवलंय. वायर असो नसो, त्याला टोकालाच जायला शिकवलंय. पहिले दोन दिवस बरं वाटतं, कारण राउटर बंद करून चालू केलेला असतो आणि टीव्हीमागच्या जाळ्यांतून काढून मोकळ्यावर ठेवलेला असतो. तेवढं तर आपलं आपल्यालाही करता येतं. पण हे सगळे राउटर एकमेकांवर ओरडून सगळ्यांचाच वेग खातात, म्हणून आज थोडा वेळ ते बंद ठेवा.

"पण बाई, मला खरंच फरक जाणवला हो," काकू हट्टाने म्हणाल्या. "मी नाही माझा बंद करणार."

"काकू," बाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "उद्या माझ्या बहिणीला टेबलावर घेणार आहेत. तिच्या अंगाचं काय करायचं ते तिने सांगायचंय, आणि तुमच्या गोंगाटात तिचा 'नको' हरवतोय. काल हरवला. मी माझ्या तोंडाने डॉक्टरांना हो सांगितलं! आजही हरवला, तर ती शुद्धीवर येईल तेव्हा मी तिला काय सांगू? एक तास बंद ठेवा. हात जोडते."

मग सासरेच पुढे झाले. हातातली वायर टेबलावर ठेवून ते जिन्याकडे गेले आणि मजल्यामजल्यावर दारं ठोठावू लागले. "बंद करा. हो, मीच लावायला सांगितलं होतं. मी मूर्ख होतो. बंद करा आधी."

इमारतीतले राउटर एकामागून एक गप्प झाले. बाईंनी घरी येऊन फोन कपाटाला टेकवला. पडद्यावर धाकटीचा चेहरा आला, शेजारी डॉक्टर. तिचे हात हलू लागले आणि हलत राहिले. गाठ काढा. वाईट निघाली तर मला आधी उठवा, दाखवा, विचारा. मला न विचारता पूर्ण काढायचा... आणि शेवटी पंजा आडवा फिरला, स्वच्छ, ठाम: नको.

बाईंनी प्रत्येक खूण शब्दाशब्दाने सांगितली. डॉक्टरांनी ते सगळं परत म्हणून दाखवलं आणि म्हणाले, "तसंच होईल." धाकटी हसली. मग बाई जमिनीवर बसल्या आणि पोटभर रडल्या.

खाली उतरल्या तर काकू जिन्यात थांबल्या होत्या. "झालं का गं नीट?" त्यांनी विचारलं, आणि मान खाली घालून म्हणाल्या, "आम्ही शिकलेली माणसं. आम्हाला कळलं कसं नाही?"

"शिकलेल्यांना काय शिंगं फुटतात का, काकू?" बाई म्हणाल्या. राग अजून पुरता उतरला नव्हता. "तो आपल्या तोंडावर सांगत होता, वायर ओढू नका, दुसरीकडे मोजू नका, शंका घेऊ नका. खऱ्या वस्तूला तपासण्याची भीती नसते. पुढच्या वेळी कोणी असं बजावलं, मग तो राउटरवाला असो, औषधवाला असो की आणखी कोणी, तर त्याने मना केलेली गोष्ट त्याच्या देखत करून बघा. आपण पाहत नाही, म्हणून त्यांचं फावतं. आणि त्याचा भुर्दंड भलत्याच कुणाच्या अंगावर पडतो."