सुपरवायझरची जागा

“तुझा भाऊ फौजेतनं परत आलाय म्हणं?”

मॅनेजर बाळासाहेबांनी विचारलं तेव्हा वैजयंती बटाट्याच्या ट्रकचा नंबर रजिस्टरमध्ये लिहीत होती. तिने मान वर केली नाही.

“आलाय. चार दिवस झाले.”

“मग बोलली न्हाईस ती. सावळेराम ह्या महिन्यात काम सोडतोय. गेटला सुपरवायझर पायजे मला. फौजी मानूस म्हनलं की मालक लगेच हो म्हनतील. धाड त्याला.”

“सांगते,” ती म्हणाली आणि ट्रकला आत जायची खूण केली.

अवसरी बुद्रुकजवळच्या त्या कोल्ड स्टोरेजच्या गेटवर ती तीन वर्षं उभी होती. निळा शर्ट, काळी पँट, गळ्यात शिट्टी. कुठली गाडी कुठल्या शेतकऱ्याची, कोणता ड्रायव्हर पावती विसरतो, सगळं तिला तोंडपाठ होतं. सावळेरामकाकांनी तिला दोनदा सांगितलं होतं, “माझ्यामागं तूच हाईस इथं.” तिने ते घरी कुणाला सांगितलं नव्हतं. मनात मात्र ती जागा आपली धरून चालली होती.

संध्याकाळी ती आपल्या गावी, शिनोलीला उतरली तेव्हा सुनील घराच्या ओट्यावर बसून बुटांना पॉलिश करत होता. त्याला कुठं जायचं नव्हतं, तरी रोज करायचा. आई, बायडाबाई, चहाचा कप धरून शेजारी उभी होती, पाहुण्यापुढं उभं राहावं तशी. वैजयंतीने हातपाय धुतले आणि भाकरी करायला बसली.

सुनीलला पळायला तिनेच शिकवलं होतं. तो तिच्याहून वर्षाने धाकटा. भरतीला सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत मारायचं होतं आणि त्याला सहाच्या आत येता येत नव्हतं. रोज पहाटे ती त्याला रस्त्यावर घेऊन जायची. “माझ्या येणीवर नजर ठेव. येणी लांब गेली नाय पायजे,” एवढंच सांगायची आणि पुढं सुटायची. सात महिने तो तिच्या वेणीमागं पळाला. शेवटच्या महिन्यात तिला त्याच्यापुढं राहायला जीव काढावा लागायचा, पण ती पुढं राहिली.

मिलिटरी पोलिसात मुलींची भरती निघाली होती. तिचंही बोलावणं आलं होतं. मैदान लांब होतं, दोन दिवसांचा प्रवास. वडील, कुशाबा, म्हणाले, “सोबत कोन जानार? आधी सुन्याचं होऊ दे. तुझं फुडल्या साली बघू.” पुढच्या साली तिचं वय दोन महिन्यांनी उलटून गेलं होतं.

सुनील भरती झाला, आणि ट्रेनिंग संपल्यावर त्याच्या कसम परेडला आईवडील गेले. आवणीचे दिवस होते, म्हणून ती मागं राहिली. भाताच्या पोटरीएवढ्या चिखलात उभी असताना पप्पूने, शेजारच्या पोराने, बांधावरून मोबाइल दाखवला. आईच्या पदरावर पदक लावलेलं होतं. पोरगं देशाला दिलं म्हणून आईवडिलांना देतात तसलं. गावात त्याचा फोटो लागला. घोडेगावात गेलं तर लोक विचारायचे, “सुनीलची बहीन ना तू?” ती हो म्हणायची. त्याचा फोन आला की आई स्पीकर लावायची, आणि वैजयंती तेवढ्या वेळात काहीतरी काम काढून परड्यात जायची.

अग्निवीराची चार वर्षं भरली. चौघांतला एक ठेवून घेतात. यादीत सुनीलचं नाव नव्हतं. फोन आला तशी बायडाबाई भिंतीला टेकून रडली, कुशाबा गोठ्यात जाऊन बसले. त्याचं मंचरकडचं ठरत आलेलं लग्नही आठवड्यात मोडलं. यादीची बातमी आली त्या संध्याकाळी वैजयंतीला सपाटून भूक लागली. तिने तीन भाकऱ्या खाल्ल्या. तिसरी खाताना तिला स्वतःचीच भीती वाटली, पण भाकरी तिने टाकली नाही.

बाळासाहेबांचा निरोप तिने दिला नाही. एक दिवस गेला, दोन गेले. “इचारलंस का?” म्हटल्यावर “पाव्हण्यांकडं गेलाय,” असं ती खोटं बोलली. तिसऱ्या दिवशी ती डबा विसरली आणि सुनीलच तो घेऊन मोटारसायकलवर गेटला आला.

बाळासाहेब ऑफिसच्या पायरीवर होते. केस बारीक कापलेला, ताठ उभा पोरगा बघून त्यांनी लगेच ओळखलं.

“तूच का रं सुनील? तीन दिवस झाले निरोप दिलाय तुझ्या बहिनीकडं. फौजी पायजे आमाला, सुपरवायझर म्हनून.”

सुनीलने तिच्याकडे पाहिलं. ती रजिस्टरची रेघ आखत होती.

“जी, सांगितलं तिनं,” तो म्हणाला. “मीच यायला उशीर केला.”

पाळी संपेपर्यंत तो बाहेर लिंबाखाली थांबला. तिला मागं बसवून निघाला. मंचर मागं पडलं. घोडेगावच्या अलीकडे त्याने गाडी कडेला घेतली.

“तायडे, जागा हाय हे तुला ठावं व्हतं.”

“व्हतं.”

“मग?”

“मला पायजे व्हती ती.”

त्याने हेल्मेट काढून टाकीवर ठेवलं. “मी नको म्हनू का?”

“तू नको म्हनलास तर मला देनार हायेत का? त्यास्नी फौजी पायजे.” तिचा आवाज चढला. “सात म्हैने मी पळाले, सुन्या. तुझ्या फुडं पळाले. आन् समदं तुला. आता गेटबी तुला.”

त्याने हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळला. मग म्हणाला, “मी पळन्यातच मागं पडलो तितं. शेवटच्या टेस्टला. घरी गुडघा दुखला म्हनून सांगितलं. गुडघ्याला काय बी झालं नव्हतं. फुडं तू नव्हतीस, दम कुठं टिकवायचा त्ये मला कळंनाच.”

असं काही तरी त्याच्या तोंडून यावं, असं तिला चार वर्षं वाटत होतं. आता आलं, तर तिला बरं वाटेना. त्याच्या मानेवर उन्हाने पडलेला पट्टा तिला दिसत होता. खाली कोवळी, पोरासारखी कातडी होती.

“घे नोकरी,” ती म्हणाली. “लगीन व्हायचंय तुझं. चल, आई वाट बघत आसंल.”

राग गेला होता असं नाही. घरी आईने देवापुढं साखर ठेवली, तेव्हा तिने ती तोंडात टाकली नाही, मुठीत धरून परड्यात नेली आणि मुंग्यांना टाकली.

एक तारखेला सकाळी सातला चौघं गार्ड गेटपाशी ओळीत उभे राहिले. भागू, दोन अवसरीचे, आणि शेवटी वैजयंती. बाळासाहेब पायरीवरून बघत होते. सुनीलने ‘सावधान’ म्हटलं. मग सॅल्यूट करायला सांगितलं.

तो एकेकापुढं थांबू लागला. भागूचं कोपर त्याने वर उचललं. पुढच्याची बोटं जुळवली, त्याच्या पुढच्याची हनुवटी सरळ केली. मग तो तिच्यापुढं आला.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिचं कोपर खांद्याच्या रेषेत होतं, बोटं जुळलेली, नजर त्याच्या डोक्यावरून पलीकडे, आणि हात जराही हलत नव्हता. सुनीलचा हात सवयीने थोडा वर आला आणि तसाच थांबला. सुधारण्यासारखं काही नव्हतं. त्याने टाचा जुळवल्या आणि तिला उलट सॅल्यूट केला.

अशा वेळी वरच्या माणसाने हात आधी खाली घ्यायचा असतो. तो घेईना. ती वाट बघत राहिली, तोही राहिला. भागू डोळ्याच्या कोपऱ्यातून दोघांकडे बघत होता.

बाहेर बटाट्याच्या ट्रकने हॉर्न दिला. वैजयंतीने हात खाली घेतला. मग त्याने घेतला. ती ओळीतून बाहेर पडली आणि गेट उघडायला गेली.