बिनटाक्यांची गादी

"तू सरांना काय सांगितलंस? परत सांग."

"माझे बाबा गादी आणतील."

"आणि हे बाबांना कधी सांगणार होतीस?"

"आत्ता सांगितलं की."

गादीवाल्याने कापसात खुपसलेले हात बाहेर काढले आणि पोरीकडे नुसतं बघत राहिला. ओरडायलाही जोर लागतो, आणि तो कालच संपला होता.

साडेआठ वाजले होते. दहाला शाळेच्या स्पर्धा. उंच उडी या वर्षी जवळजवळ रद्दच झाली होती. गेल्या वर्षी एका मुलाचा हात मोडला, आणि आता तर उडीच्या खड्ड्यात वाळूही उरली नव्हती. ती शाळेच्या नव्या मुतारीच्या बांधकामात गेली होती. 'खाली गादी असेल तरच उडी,' असं मुख्याध्यापकांनी लेखी दिलं होतं. त्यावर गादीवाल्याची मुलगी, वय वर्षं आठ, भर वर्गात उभी राहून म्हणाली होती, "गादीचं काय एवढं? आमच्याकडे ढीग आहेत."

ढीग होते ते कापसाचे.

उडीचं हे खूळ तीन महिन्यांपूर्वी शिरलं. दुकानात दोन उशा रचायच्या आणि त्यांच्यावरून पलीकडच्या पिंजलेल्या कापसात उडी मारायची. मग तीन उशा. मग पाच. पिंजलेला कापूस दबला की सगळं काम पुन्हा, म्हणून पहिल्या दिवशी गादीवाल्याने हात उगारला होता. पण कापसातून तिचं तोंड वर आलं. भुवया पांढऱ्या, नाकात कापूस, आणि चेहऱ्यावर असा आनंद, की या दुकानात आजवर कुणाला एवढा झाला नव्हता. गिऱ्हाइकांना तर नाहीच. उगारलेल्या हाताने त्याने स्वतःचंच डोकं खाजवलं. तेव्हापासून तो तिला नाकतोडा म्हणायचा आणि रोज संध्याकाळी तोच कापूस दुसऱ्यांदा पिंजायचा.

तयार गादी एकच होती. दातांच्या डॉक्टरांची, पाठदुखीसाठी खास, निळ्या पट्ट्यांच्या खोळीची. संध्याकाळी पोचवायची होती. तयार म्हणजे, कडा शिवून झाल्या होत्या. मधले टाके राहिले होते. काल बोटं आखडली म्हणून त्याने ते सकाळवर ढकलले होते. बिनटाक्यांची गादी म्हणजे शिक्षक नसलेला वर्ग. कापूस जागेवर बसतच नाही, वाटेल तिकडे पळतो.

"डॉक्टरांची नेणार?" शिलाई मशीनवरून बायको म्हणाली. "डोकं ठिकाणावर आहे का?"

"दोन तासांत परत आणतो."

"आणि टाके?"

"आल्यावर घालतो. पोरांची वजनं ती काय!"

"पोरांचं सोडा. तुमचं नशीब जड आहे."

मैदानावर गादीचं टाळ्यांनी स्वागत झालं. नाकतोडा हातगाडीवर, गादीच्या टोकाला, हत्तीवरून आल्यासारखी बसून आली. गादीवाला घामाघूम. आणि तेवढ्यात त्याची नजर व्यासपीठावर गेली. प्रमुख पाहुणे म्हणून बसले होते दातांचे डॉक्टर.

डॉक्टर कमरेवर हात ठेवून सावकाश खाली उतरले. गादीभोवती एक चक्कर मारली.

"ही खोळ माझ्या ओळखीची दिसते."

"तुमचीच आहे, डॉक्टर."

"मग इथे काय करतेय?"

गादीवाल्याला खोटं बोलायची सवय नव्हती. त्यामुळे बोलला ते एकदम मोठंच बोलला. "कापूस बसवतोय. पाठदुखीच्या गादीवर आधी पन्नास उड्या पडाव्या लागतात. नाहीतर गुण येत नाही."

"लहान मुलांच्याच?"

"लहानांच्याच. मोठ्यांच्या उड्यांनी दबते."

डॉक्टर इतके खूश झाले, की वर जाऊन त्यांनी माईकच हातात घेतला. "मुलांनो, या सगळ्या उड्या माझ्या पाठीसाठी आहेत! मनापासून मारा!"

पीटीचे सर जगातली प्रत्येक गोष्ट उंचीप्रमाणे लावायचे. उंच मुलं आधी, बुटकी मागे. नाकतोडा सगळ्यांत शेवटी उभी राहिली, फक्कीच्या रेघेला अंगठे टेकवून. आपल्यासकट किती जण उरले हे ती बोटांवर मोजत होती आणि दर उडीला एक बोट मिटत होती.

दर उडीला कापूसही सरकत होता. सहाव्या उडीपर्यंत चारही कोपरे टरारून फुगले आणि मधोमध नुसती खोळ राहिली. सातवा मुलगा, नाकतोड्याच्या आधीचा शेवटचा, कंबर चोळत उठला.

"सर, खाली जमीन लागते."

"लागणारच! जमीन सगळीकडेच असते. पडता आलं पाहिजे. बघा रे, असं पडायचं!"

सर म्हणजे एका खुर्चीत न मावणारा माणूस. गादीवाला "सर, नको, नको" म्हणत धावला, पण सर त्याच्यापेक्षा आधी पोचले आणि सगळेच्या सगळे एका कोपऱ्यावर बसले.

आवाज असा झाला, की पलीकडच्या धावण्याच्या शर्यतीतली मुलं बंदूक वाजली समजून सुटली. कापूस वर उडाला. वाऱ्याने तो झेंड्यांवर, चहाच्या कपांत, मुख्याध्यापकांच्या भाषणाच्या कागदांवर नेऊन बसवला. इतकी वर्षं लोकांच्या तोंडात कापूस कोंबणारे डॉक्टर तोंड उघडं टाकून बघत होते. आज त्यांच्या तोंडात गेला.

सर उठले, पॅन्ट झटकली, शिट्टी वाजवली. "उंच उडी संपली! चला, बक्षीस समारंभ!"

"सर, मी राहिले."

"पुढच्या वर्षी हं, बाळा."

डॉक्टर जाता जाता गादीवाल्यापाशी थांबले. चिडले असते तर बरं झालं असतं. "गादी आता राहू द्या," ते शांतपणे म्हणाले. "खोळ तेवढी धुऊन पाठवा. आणि दवाखान्यातल्या बाकांच्या गाद्यांचं बोललो होतो ना, तेही बघतो दुसरीकडे."

"बरं," गादीवाला म्हणाला.

मैदान रिकामं झालं. पोरगी रेघेवरून हलली नव्हती. रडतही नव्हती. एक बोट अजून उघडं होतं.

"चल गं. घरी जाऊ."

"नाही."

"अगं, सगळे गेले."

"माझा नंबर आलाय."

गादीवाल्याला वाटलं, इथेच, या फाटक्या खोळीवर आडवं व्हावं आणि कुणी उठवू नये. तो खाली बसला खरा, पण मांडी घालून. शर्टाच्या कॉलरला खोचलेलं दाभण काढलं. हाताला लागेल तेवढा कापूस ओढला, खोळीत भरला, फाटलेली कड शिवली आणि सकाळी राहिलेले टाके एकेक करून घालायला लागला. लांब मंडपात टाळ्या वाजत होत्या. कुणाकुणाची नावं पुकारत होते. त्याने मान वर केली नाही, तिनेही वळून पाहिलं नाही.

गादी तयार झाली तेव्हा कळलं, उडीचे खांब नाहीत. ते मंडपवाल्याचे होते. तो पाहुण्यांच्या डोक्यावर कापड ताणायला घेऊन गेला होता.

गादीवाल्याने टाक्यांचा जाड दोरा हातगाडीच्या दांड्याला बांधला, दुसरं टोक स्वतःच्या हातात धरलं आणि गुडघ्याच्या जरा वर ताणून उभा राहिला.

"ये."

ती आली. धावत आली, एक पाय टाकला, दुसरा उचलला आणि दोऱ्याच्या हातभर वरून पलीकडे पडली. गादी मधोमध फुगलेली होती.

"हे तर सोप्पं होतं," ती पडल्या पडल्या म्हणाली. "वर घ्या."

त्याने दांड्याकडची गाठ सरकवली, हात चार बोटं वर नेला. ती गेली. आणखी चार बोटं. तीही गेली. आता दोरा अर्ध्या मांडीपर्यंत आला होता. कुणी मोजत नव्हतं, कुणी लिहून घेत नव्हतं.

"आणखी."

"अगं, पाचवीची पोरं एवढ्यावर अडली होती."

"तुम्ही धरा हो, बाबा."

ती मागे चालत गेली. रेघेच्याही मागे, कुंपणापर्यंत. पहाटेपासून कापूस पिंजून, हातगाडी ओढून, वाकून शिवून त्याचा दंड आता भरून आला आणि दोरा थरथरायला लागला.

"हलवू नका ना!" तिकडून ओरडा आला.

"नाही हलवत."

त्याने डाव्या हाताने उजव्या हाताचं कोपर धरलं, कापऱ्या मनगटाला पोटाशी टेकू दिला आणि ती धावत जवळ येईपर्यंत श्वास रोखून धरला.